डोहातला मासा आणि माझ्या हातचा दांडा

"आला! आला!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि धक्क्यावरची दोनशे माणसं एकदम पुढं रेटली. मी बायकोचा दंड घट्ट धरला. धक्क्याच्या फळ्या जुन्या होत्या. मी होड्यांचा सुतार, त्यामुळं मला माशापेक्षा फळ्यांचीच काळजी जास्त. खाली डोहाचं पाणी हिरवट काळं होतं आणि त्यातून एक लांब सावली वर येत होती. आधी मला तो बुडालेला ओंडका वाटला. मग त्या ओंडक्याला मिशा दिसल्या.

माणसाहून लांब मासा. डोकं फावड्यासारखं चपटं. तोंड एवढं रुंद की लहान मूल बसवलं तर बसेल. वरच्या ओठाला चाबकासारख्या दोन लांब मिशा, हनुवटीखाली चार आखूड. डोळे मात्र शर्टाच्या बटणाएवढे, जणू कुणीतरी मागाहून आठवण झाली म्हणून बसवलेले. अंगावर एक खवला नाही. तो वर आला, पाण्याच्या कातडीखालून सावकाश एक वळसा घेतला, तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा खाली गेला. मग एक बाई रडायला लागली आणि तिचं बघून बाकीच्या.

आमच्या नदीवर या माशाला मिशाळ म्हणतात. हातभर लांबीचे मिशाळ बाजारात रोज येतात. पण एवढा मोठा कुणी पाहिला नव्हता, आणि हाक मारल्यावर येणारा तर कुणी ऐकलाही नव्हता.

हाक मारणारा धक्क्याच्या टोकाला पाट टाकून बसला होता. त्याला सगळे डोहबाबा म्हणत. नदीच्या खालच्या अंगाकडून वर्षभरापूर्वी आलेला, गोरा, जाडसर, आवाज मधासारखा.

"बघितलंत?" तो म्हणाला. "तीनशे वर्षं ही जलमाऊली या डोहात बसलीय. तिनं राजे बघितले, पूर बघितले, दुष्काळ बघितले. डॉक्टर तर तिनं किती बघितले असतील! डॉक्टर गेले, माऊली आहे."

लोक हसले. मीही हसलो. आज ते हसू आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं.

नियम असा होता. आजाऱ्यानं पुढं जायचं, बाबा त्याच्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलणार, मग तीनदा नाव घेऊन हातातला लाकडी दांडा पाण्यावर मारणार. मासा वर आला तर माऊलीनं रोग गिळला. नाही आला तर माऊलीची इच्छा नाही, घरी जा, चार दिवस सुखाचे काढ.

आमची पाळी आली. बायकोला टीबी होता. दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या होत्या.

"किती महिने झाले गोळ्यांना?" बाबानं मायेनं विचारलं.

"तिसरा चालू आहे," ती म्हणाली.

"खोकला?"

"आता नाही फारसा. वजनही वाढलंय थोडं."

बाबानं डोळे मिटले. तीनदा तिचं नाव घेतलं आणि दांडा पाण्यावर मारला. ठुप. ठुप. ठुप. आणि मासा आला.

"ताई, तुझा रोग माऊलीच्या पोटात गेला," तो म्हणाला. "आता गोळी तोंडात घालशील तर तिचा अपमान होईल. दोन्हींपैकी एकच धर."

घरी येताना ती सारखी हसत होती. "अहो, त्याच्या मिशा बघितल्यात? आपल्या लाकूडवाल्या शेठसारख्या!" त्या दिवसापासून तिनं गोळ्या बंद केल्या. उरलेलं पाकीट टाकून द्यायला निघाली, ते मी तिच्या हातातून घेऊन कपाटात मागं सारलं. का, ते सांगता येणार नाही. वस्तू टाकायची नाही ही कारखान्यातली सवय, एवढंच असेल.

पाच महिने ती चांगली होती. वस्तीत आमचं उदाहरण झालं. लोक तिला बघायला यायचे, ती त्यांना सांगायची, आणि ते डोहाकडं जायचे. मग खोकला परत आला. एके सकाळी ती न्याहारीच्या ताटावरून उठली आणि म्हणाली, "अहो, परत दवाखान्यात जाऊ या का?"

मी म्हणालो, "आठ दिवस थांबू. आधी एकदा माशाकडं जाऊन येऊ."

हे वाक्य माझं आहे. बाबाचं नाही. ते मी इथं लिहून ठेवतो, कारण या गोष्टीत लबाड एकटा बाबाच होता असं कुणाला वाटू नये.

आठाचे चाळीस दिवस झाले. मासा दोनदा आला, दोनदा तिला बरं वाटलं, तिसऱ्यांदा तिला धक्क्यापर्यंत चालवेना. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फाईल बघून थुंकी पुन्हा तपासली. अर्धवट सोडलेला रोग आता औषधाला दाद देईना. चौतिसाव्या वर्षी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी डोहावर गेलो. भांडायला गेलो होतो. बाबानं मला जवळ बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "घरात गोळ्या ठेवल्या होत्यास का रे?"

मी पाण्याकडं बघायला लागलो.

"ठेवल्या होत्यास ना? म्हणजे मनात शंका होती. माऊलीला पोटातलं कळतं, कपाटातलं कळणार नाही?"

मी भांडायचं विसरलो. मान खाली घालून घरी आलो. पुढं वर्षभर मी हेच समजून चाललो की ते पाकीट मी टाकलं नाही म्हणून माझी बायको गेली.

वर्ष झालं आणि धाकटी खोकायला लागली. धाकटी म्हणजे माझी मेहुणी. बहिणीच्या पहिल्या दुखण्यापासून उशाशी तीच बसायची, तिच्याकडूनच हा रोग आला. शिवणाचं काम करते, लग्न केलेलं नाही, जीभ कात्रीसारखी. तिलाही गोळ्या लागल्या. नशिबानं तिचा रोग अजून गोळ्यांचं ऐकत होता. तिसऱ्या महिन्यात तिच्या गालावर रंग आला आणि तिनं मला सांगून टाकलं, "भाऊजी, रविवारी मी डोहावर जाणार."

"कशाला?"

"ताई गेली होती तशीच."

"ताई कुठं आहे आता?"

मी असं बोलायला नको होतं. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "ताईला माशानं बरं केलं होतं. पाच महिने ती घोड्यासारखी हिंडत होती, मी बघितलंय. पुढं जे झालं ते कशामुळं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सांगितलंत मला."

खरंच, मीच सांगितलं होतं. पाकिटाची गोष्ट मी एकट्या तिलाच सांगितली होती. आता तीच गोष्ट घेऊन ती डोहावर निघाली होती, आणि स्वतःच्या घरात एकही गोळी ठेवायची नाही असं तिनं ठरवलं होतं. रविवारला सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या कारखान्यात मासेबाई आल्या. मासेबाई हे आम्ही ठेवलेलं नाव. त्या मत्स्य खात्याच्या, नदीतले मासे मोजायला आलेल्या. पन्नाशीच्या, पायात रबरी बूट, केस मुलासारखे कापलेले. त्यांच्या होडीला गळती लागली होती. मी बुडाच्या फटीत डांबरलेला दोर ठोकत होतो आणि त्या माझ्या फळीवरचं सामान बघत हिंडत होत्या.

"सुतारदादा, हे तुमच्याकडं कसं?" त्यांनी एक दांडा उचलला.

तो बाबाचा नवा दांडा होता. जुना चिरला म्हणून त्यानं दुसरा सांगितला होता. बाबा त्याला हाकदंड म्हणायचा. मी दांडा म्हणायचो, कारण तीन वर्षांपूर्वी पहिलाही मीच करून दिला होता. त्यानं मोडका नमुना आणला होता आणि मापं नेमकी सांगितली होती. हातभर लांब, विळ्यासारखा बाक, खालच्या टोकाला बाटलीच्या झाकणाएवढी खोलगट वाटी आणि पाठ गोल, गुळगुळीत, वाटीच्या जरा वर दोऱ्याची गुंडाळी. मला वाटलं होतं, असेल काहीतरी पूजेचं.

"डोहबाबाचा आहे," मी सांगितलं.

"बाबाचा कसला? आमच्या गावाकडं, खालच्या अंगाला, माझे आजोबा यानं मिशाळ धरायचे. होडीत बसायचं, गळ सोडायचा आणि यानं पाण्यावर मारत राहायचं. मिशाळ तळातून वर येतो."

माझ्या हातातला हातोडा तसाच राहिला. "का येतो?"

"खरं सांगू? पुरतं कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं, दुसरा मासा काहीतरी गिळतोय असं त्याला वाटतं. कुणी म्हणतं, आपल्या जागेत कोण शिरलं ते बघायला येतो. डोळ्यांनी त्याला धड दिसत नाही, पण कान मोठा पक्का. त्याच्या पोटात हवेची एक पिशवी असते, ती बारीक हाडांच्या साखळीनं कानाला जोडलेली. ढोलासारखं पोटच ऐकतं म्हणा ना. इकडं तुमच्याकडं पाणी जोराचं, सगळं काम जाळ्यानं, म्हणून इथल्या लोकांना हे ठाऊक नसेल."

कारखान्यात लाकूड भिजवायची टाकी आहे. त्यांनी वाटीची बाजू खाली धरून दांडा पाण्यावर मारला. ठुप. वाटीत अडकलेली हवा पाण्यात जाऊन फुटली. मग मनगट जरासं फिरवून गोल पाठीनं मारला. नुसतं छप.

मनगट जरासं फिरवलं की झालं.

मी खाली बसलो. मासेबाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी त्यांना सगळं सांगितलं. वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं एवढं सांगितलं. त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "गोळ्या किती महिने झाल्या, हे त्यानं आधी विचारलं होतं?"

"हो. सगळ्यांनाच विचारतो."

"मग झालं तर."

मला एकदम समजलं नाही. समजलं तेव्हा लाकडाच्या भुशात तोंड घालून रडावंसं वाटलं.

संध्याकाळी मी धाकटीकडं गेलो. दांडा दाखवला, बादलीत मारून दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "पाळी लावायला गेले तेव्हा बाबा म्हणालेच होते, ताईचा नवरा तुला अडवायला येईल."

"अगं, हा मी केलाय! या हातांनी!"

"मूर्तीही सुतारच करतो, भाऊजी."

तोंडानं सांगून भागणार नव्हतं. मी कारखान्यात परतलो आणि एक लबाडी केली. बाबाच्या नव्या दांड्याला वाटीच्या तळातून मागं आरपार बारीक भोक पाडलं आणि ते पाठीवरच्या दोऱ्याच्या गुंडाळीत लपवलं. हवा निसटून जाईल, आवाज होणार नाही. मग अगदी तसाच दुसरा दांडा केला, भोक न पाडता.

रविवारी सकाळी धक्का फुलून गेला होता. मासेबाई एका कडेला उभ्या होत्या. बाबानं माझ्याकडून नवा दांडा घेतला, उन्हात फिरवून बघितला. "छान झालाय. शेवटी श्रद्धेनं केलंस हो." मग गर्दीकडं वळून म्हणाला, "आज माऊलीचा आठवा उपास! आठ दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. तुम्ही टाकलेलं मटण तसंच तरंगतंय. कुणासाठी? तुमच्यासाठी!"

मासेबाईंच्या भुवया वर गेल्या.

धाकटी पुढं गेली. तोच प्रश्न. "किती महिने झाले गोळ्यांना?"

"तिसरा चालू."

बाबाचा चेहरा खुलला. त्यानं तिचं नाव तीनदा घेतलं आणि दांडा मारला. छप. त्यानं दांड्याकडं बघितलं. परत मारला. छप. छप. डोह तसाच. एक बुडबुडा नाही.

मला वाटलं होतं की मासा आला नाही म्हणजे बाबा गडबडेल. गडबडलो मी. बाबानं दांडा शांतपणे मांडीवर ठेवला, धाकटीकडं बघितलं आणि मान हलवली. "पोरी, माऊली तोंड फिरवतेय. तुझ्या छातीत तुझी बहीण बसलीय. तिच्याच वाटेनं जाणार तू."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ती मागं वळली, नजर मला शोधत होती. असं काही होईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एका लबाडाला पकडण्यासाठी मी तिला मरणाचा निकाल ऐकवला होता.

मी गर्दी सारून पुढं गेलो, शर्टातला दुसरा दांडा काढला आणि तिच्या हातात दिला.

"मार पाण्यावर."

"मी?"

"तूच. नाव घेऊ नकोस. काहीच म्हणू नकोस. वाटी खाली धर आणि मार."

"धरा त्याला!" बाबा ओरडला. "माऊलीचा कोप होईल!" दोघांनी माझी मानगूट धरली. पण आजारी बाईच्या अंगाला हात लावायला कुणी धजेना. तिच्या खोकल्याला सगळेच भ्यायले होते.

धाकटी फळ्यांवर गुडघे टेकून बसली. पहिला फटका वाकडा गेला. दुसराही. तिसऱ्याला आवाज आला, ठुप. ती थबकली. परत मारलं. ठुप. ठुप. ठुप.

डोहातून ती सावली वर आली. ते चपटं डोकं, त्या मिशा. मासा तिच्या हातापासून वीतभर अंतरावर वळला आणि खाली गेला.

"मी कुणाचंच नाव घेतलं नाही," धाकटी म्हणाली. जरा मोठ्यानं परत म्हणाली, "मी नावच घेतलं नाही!"

गर्दीतून बाजारातला न्हावी पुढं आला. मागच्या वर्षी त्याचा थोरला भाऊ गेला होता, पोटात पाणी झालं होतं. "माझ्या भावाच्या वेळी मासा आला नव्हता," तो म्हणाला. "का आला नव्हता?"

मी धाकटीच्या हातातला दांडा घेतला, गोल पाठ खाली केली आणि मारला. छप. मासा आला नाही. मग विचारलं, "तुझ्या भावाला यानं काय विचारलं होतं?"

"औषध लागू पडतंय का, म्हणून."

"आणि भाऊ काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

त्यापुढं न्हाव्याला काही सांगावं लागलं नाही. तो हळू म्हणाला, "घरी आल्यावर तो जेवलाच नाही परत. म्हणायचा, मासाच नाही म्हणाला, आता कशाला."

मासेबाई पुढं आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. ज्याच्या गोळ्या दोन-तीन महिने झाल्या, ज्याच्या गालावर रंग आला, त्याच्यासाठी वाटीची बाजू. तो गोळ्यांनी बरा होतच होता, नाव झालं माशाचं. ज्याचा चेहरा उतरलेला, त्याच्यासाठी पाठीची बाजू. तो गेला की माशाचं भाकीत खरं ठरलं. दोन्हीकडून बाबाच जिंकणार. "आणि हे आठ दिवस उपास करणारी माऊली म्हणतात ना," त्या म्हणाल्या, "ती माऊली नाही. तो बाप आहे. पाणी तापलं की मादी मुळांच्या खोबणीत अंडी घालते आणि निघून जाते. राखण नर करतो. शेपटीनं अंड्यांवर पाणी हलवत राहतो, जवळ कुणाला फिरकू देत नाही आणि तेवढे दिवस काही खात नाही. एरवी तुमच्या मटणाच्या आशेनंच वर येत असेल, पण आज कोण घुसलं ते बघायला आला असणार. त्याला तुमचं नाव, गाव, रोग यातलं काही ठाऊक नाही. तो आपल्या पिल्लांपाशी बसलाय."

"म्हणजे तीन वर्षं आम्ही एका बापाला माऊली म्हणतोय?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. त्या हशात बाबा पाट सोडून कधी सटकला ते कुणी पाहिलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मासेबाईंनी मला बोलावून घेतलं. मासा काठावर पडला होता. अंगात दोन भाले घुसलेले, कातडीवर माती. कुणी मारला ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी सांगत नव्हतं. शनिवारपर्यंत त्याच्या पाया पडणारेच कुणीतरी. फसवलं बाबानं, राग निघाला माशावर. मुळांच्या खोबणीत बारक्या माशांची झुंबड उडाली होती. राखणारा गेला आणि ते अंडी खात होते.

मासेबाईंनी त्याचं पोट फाडलं. आत कुणाचा रोग नव्हता. काहीच नव्हतं, आतडी रिकामी होती. तोंडात कानशीसारखे बारीक खरबरीत दात, तेवढे मी बोटानं चाचपले. मग त्यांनी पुढच्या पराचा जाड काटा काढला आणि म्हणाल्या, "तुमची बारीक करवत आणा." काट्याची पातळ चकती कापली की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, वर्षाला एक. आम्ही भिंगातून दोनदा मोजली. एकतीस. माझ्या बायकोहून तीन वर्षांनी लहान.

धाकटीनं त्या रविवारी घरी जाऊन गोळी घेतली. मला तोंडानं काही म्हणाली नाही, पण पुढं रोज सकाळी मी कारखान्यात जाताना तिच्या दारात थांबायचो आणि ती गोळीची रिकामी जागा दाखवायला पाकीट पुढं करायची. चौथ्या महिन्यात तिला खूप मळमळायचं. "सोडून देते बघा ही तुमची ब्याद," म्हणायची. मी म्हणायचो, "दे सोडून. मग माझी पँट कोण शिवणार?" शिव्या घालत गिळायची.

सहा महिने पुरे झाले. शेवटच्या तपासणीचा कागद हातात घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं. स्वच्छ आहे." आम्ही दवाखान्याच्या बाकावर येऊन बसलो. मला वाटलं ती हसेल, काहीतरी चिमटा काढेल. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली.

"ताईचे तीनच महिने राहिले होते, भाऊजी," ती म्हणाली. "तीनच."

मी तिच्या शेजारी बसून राहिलो. ते पाकीट घरात ठेवलं म्हणून बायको गेली नाही, ते उघडलं नाही म्हणून गेली, हे मला आता पुरतं समजलंय. समजल्यानं ती परत येत नाही. पण तुमच्या घरात कुणी खोकत असेल, तर माझं एवढं ऐका. बरं वाटायला लागलं म्हणजे रोग गेला असं नाही. गोळ्या बंद करायला सांगणारा कितीही गोड बोलला, त्याच्यामागं कितीही मोठा चमत्कार उभा असला, तरी त्याच्या हातातली वस्तू मागून घ्या, उलटसुलट करून बघा, स्वतः वापरून बघा. देत नसेल तर तिथून उठा आणि दवाखान्यात जा. आठ दिवस थांबू नका.